बिडाची बुलेट: पावसाळ्यानंतरची तयारी आणि कोल्हापूर–वागातोर फेरी

गाडी: बुलेट ३५०, साल १९९८. ३४६ सीसी, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. बॅरल बिडाचं (ओतीव लोखंडाचं), हेड ॲल्युमिनियमचं. चार गिअर, गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर, पॉइंटचं (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन, १२ व्होल्ट.

काम: आषाढापासून शेडमध्ये उभी असलेली गाडी नोव्हेंबरच्या लांब पल्ल्यासाठी तयार करणं. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गोव्यातलं वागातोर, तिथे २२ ते २४ नोव्हेंबर २०२४ या दिवसांत मोटोव्हर्स हा रॉयल एनफिल्डचा मेळावा, आणि फोंडा घाटातून परत.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसऱ्याची पूजा झाली, हार चढला, पण किक मारलेली नाही. उभ्या बुलेटला पहिली किक मारण्याआधी ऑइल कुठे आहे ते बघावं लागतं.

या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच मागच्या कप्प्यात आहे. दोन पंप ऑइल फिरवतात: एक ते बिग एंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाकडे) ढकलतो, दुसरा खाली साचलेलं परत टाकीत आणतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या फटींतून झिरपत क्रँकच्या खाली उतरतं. मग डिपस्टिक जवळजवळ कोरडी दिसते, ऑइल संपलं असं समजून वरून लिटरभर ओतलं जातं, आणि इंजिन सुरू झालं की ब्रीदरमधून, चेनकेसमधून, जिथे वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर येतं. अशा वेळी अनेकदा सील बदलले जातात आणि दुखणं तसंच राहतं.

क्रँककेसच्या बुडाचा संपचा बोल्ट उघडला. खाली उतरलेलं ऑइल ६५० मिली निघालं. काळं होतं, दुधी नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. बोटांत चोळून पाहिलं, कचकच नाही. बोल्टच्या टोकाला लागलेला गाळ लोहचुंबकाला किंचित चिकटतो. इतक्या वयाच्या गाडीत एवढा चालतो. चमकदार कपच्या दिसल्या असत्या तर प्रवासाचा विचार तिथेच थांबला असता.

टाकीचाही बोल्ट काढून सगळं ऑइल सोडलं. फेल्टचा फिल्टर नवा घातला. नवीन ऑइल साधं मिनरल, २०डब्ल्यू५०, एकूण सव्वादोन लिटर. बोल्टांखालचे तांब्याचे वॉशर तेच वापरले, पण लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवल्यावर. तांबं दाबून दाबून कडक होतं आणि मग कितीही आवळलं तरी ठिबकतं. तापवून थंड केलं की पुन्हा मऊ पडतं.

फिल्टर बदलला की त्याचा कप्पा रिकामा असतो आणि बिग एंडला ऑइल पोचायला वेळ लागतो. म्हणून प्लग काढून ठेवला, हेडकडे जाणाऱ्या रॉकर पाइपचा बँजो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) अर्धा फेरा सैल केला, आणि त्याच्या कडेने ऑइल दिसेपर्यंत सावकाश किक मारली. ऑइल दिसलं म्हणजे पंपांनी काम धरलं. मग बोल्ट आवळला. इंजिन अजून सुरू केलेलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

परतीच्या पावसाची एक सर आज येऊन गेली. शेडमध्येच काम.

पेट्रोल. टाकी अर्धी भरलेली होती, आणि पावसाळ्यात उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवणं सगळ्यांत वाईट. रिकाम्या भागात दमट हवा शिरते, रात्री टाकी गार पडली की आतून घाम सुटतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. एका मर्यादेपर्यंत ते पाणी विरघळलेलं राहतं. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. नेमकं तिथेच पेट्रोल कॉकचं तोंड असतं.

कॉकची नळी काढून पहिलं पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं आणि अर्धा तास स्थिर ठेवलं. तळाला बोटाच्या पेराएवढा वेगळा थर, वर पिवळसर पेट्रोल, आणि दोन्हींच्या मधल्या रेषेवर तांबूस गंजाची पूड तरंगत होती. हे पेट्रोल पुन्हा गाडीत घालायचं नाही. नवीन पेट्रोलमध्ये मिसळूनही नाही. टाकी पूर्ण रिकामी करून कॉक खोलला, जाळी धुतली, ताज्या पेट्रोलने दोनदा विसळली. नळी जुनी, फुगलेली आणि बोटाने दाबली की मऊ लागणारी. इथेनॉल चालेल अशी नवी नळी टाकली, दोन्ही टोकांना क्लिप. मध्ये पारदर्शक फिल्टर बसवला.

कार्बोरेटर खोलून स्वच्छ केला. पायलट जेटच्या भोकातून उजेड दिसत नव्हता. तार घालून भोक मोठं करू नये. क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकायचं. फ्लोटची सुई आणि तिची बैठक ठीक. हेड आणि कार्बोरेटरमधला रबरी जोड मात्र वाकवून बघितला तेव्हा खालच्या बाजूला केसाएवढी चीर दिसली. वरून बघून ती कधीच दिसत नाही. अशा चिरेतून जादा हवा शिरते, गाडी तापते, आयडल आपोआप चढतं, आणि माणूस स्क्रू फिरवत बसतो. जोड नवा घेतला.

२० ऑक्टोबर, रविवार

इग्निशन. या गाडीवर सगळ्यांत जास्त वेळ देण्याजोगं काम हेच.

पॉइंटची तोंडं तपासली. एका बाजूला टेंगूळ, दुसऱ्या बाजूला खड्डा. हे कंडेन्सर दमल्याचं लक्षण. तोंडं बारीक तेलकट दगडावर सपाट केली, पॉलिश पेपर वापरला नाही, कारण त्याची वाळू तोंडांत रुतून बसते. कंडेन्सर बदलला. बाजारात मिळणारे बरेच कंडेन्सर गार असताना चालतात आणि तापले की सोडतात, त्यामुळे एक जादा सामानात टाकला.

गॅप आधी, टायमिंग नंतर. उलट केलं तर दोन्ही कामं वाया जातात, कारण गॅप बदलला की पॉइंट उघडण्याची वेळही बदलते. कॅमच्या सगळ्यांत उंच जागी फाळ (पॉइंटचा कॅमवर घासणारा तुकडा) आणून गॅप ०.३८ मिमी ठेवला (०.३५ ते ०.४० चालतो). फिलर गेजचं पातं जाताना हलकं घासलं पाहिजे. कॅमला ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढंच. जास्त झालं की ते उडून पॉइंटवर बसतं.

टायमिंग: ॲडव्हान्स यंत्रणा (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) पूर्ण मागे असताना पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सगळ्यांत वरच्या जागेच्या, ०.८ मिमी आधी असेल तेव्हा पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. हा आकडा दिसतो लहान, पण त्यातच सगळा खेळ आहे. टीडीसीजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो, क्रँक मात्र फिरत असतो. या इंजिनाच्या ९० मिमी स्ट्रोकवर ०.८ मिमी म्हणजे क्रँकचे साधारण १० अंश. मोजताना ०.४ मिमीची चूक झाली की टायमिंग जवळपास ३ अंशांनी हलतं. सायकलचा स्पोक प्लगच्या भोकातून घालून डोळ्यांनी अंदाज घेण्याची पद्धत गावोगावी आहे, पण भोक तिरकं असल्याने स्पोक कलतो आणि माप फसवं येतं. डायल गेज लावता आला तर तोच लावावा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बहुतेक लेथवाल्यांकडे तो असतोच.

पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला दोन उपाय एकमेकांना ताडून पाहिले. पहिला: सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा आणि हलक्या ताणाने ओढत राहायचा, सुटला की उघडले. दुसरा: चावी चालू करून अँपिअर मीटरकडे बघायचं, पॉइंट बंद असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. दोन्हींचं उत्तर एकच आलं.

ॲडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहिली. सोडल्यावर लगेच मागे आली पाहिजेत. अडकून पुढेच राहिली तर किक उलटी बसते आणि घोट्याला इजा होते. एका वजनाच्या पिनेवर गंज होता. पिन साफ करून एक थेंब ऑइल.

प्लगचा गॅप ०.५ मिमी. प्लगची टोपी पावसाळ्यात आतून हिरवी पडली होती, नवी घेतली.

मग पहिली किक. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि एक सलग, पूर्ण किक मारायची. इंजिन धरलं. वर रॉकरच्या बँजोपाशी कोरडं, खाली कोरडं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

टॅपेट. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील असा, कॉम्प्रेशनचा टीडीसी घेतला. ३५०च्या या इंजिनाला फिलर गेज लागत नाही: पुशरॉड (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. बॅरलच्या तळाशी उजवीकडचं झाकण काढलं की ॲडजस्टर समोर येतात. एक्झॉस्टचा रॉड फिरतच नव्हता, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. असा व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला देऊ शकत नाही, कडेने जळतो, आणि गाडी गरम झाल्यावर किकला जोर लागेनासा होतो. टकटक ऐकू येते म्हणून लोक टॅपेट आवळत राहतात. बुलेटची थोडी टकटक राहू द्यावी. लॉकनट आवळताना माप हलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहिलं.

प्रायमरी चेनकेसचं झाकण एकाच मधल्या नटवर बसतं. गळती थांबवायला तो नट जोर लावून आवळला जातो, झाकण वाकतं आणि गळती वाढते. झाकण काचेवर ठेवून पाहिलं, सपाट आहे. रबरी सील नवा. चेनचा ढिलेपणा सगळ्यांत घट्ट जागी ६ मिमी. ऑइल सुमारे ४२० मिली. क्लच प्लेटा ठीक.

२७ ऑक्टोबर, रविवार

ब्रेक. समोरच्या ड्रममध्ये दोन लीडिंग शू (चाक फिरतं तसे ड्रमवर आणखी दाबले जाणारे) आहेत, आणि ते दोन्ही एकाच क्षणी ड्रमला लागले तरच त्यांचा उपयोग. बाहेरचा जोडदांडा काढून दोन्ही लिव्हर वेगवेगळे हाताने फिरवले, शू लागतो तिथे खूण केली आणि दांड्याची लांबी त्या खुणांना जुळवली. बहुतेक बुलेटचा पुढचा ब्रेक कमजोर म्हणून बदनाम आहे. या दांड्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो हे त्याचं मोठं कारण.

लायनर काचेसारखे चकचकीत झाले होते. खरखरीत पेपरने ती चमक काढली, पुढच्या कडा थोड्या तिरक्या घासल्या म्हणजे ब्रेक अचानक पकडत नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ती भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला मास्क हवाच.

मागच्या ड्रममध्ये फक्त साफसफाई आणि कॅमला ग्रीस. फोर्कमधलं ऑइल मात्र दुधी निघालं, पाणी शिरलं होतं. दोन्ही पाय रिकामे करून नवं भरलं, दोन्हीकडे मोजून सारखं.

दिवाळीत काम बंद.

९ नोव्हेंबर, शनिवार

चेन पेट्रोलने धुऊ नये. रॉकेल किंवा डिझेल चालतं. धुऊन, वाळवून, गिअर ऑइल. मधोमध ढिलेपणा २५ मिमी, आणि तो गाडीवर माणूस बसलेला असताना तपासला. दोन्ही बाजूंच्या गोगलगायी कॅमचे (चेन ताणायच्या दातेरी चकत्यांचे) दाते मोजून सारखे ठेवले, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेनलिंकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. चेन ओढली की मागच्या ब्रेकचा दांडा पुन्हा लावावा लागतो.

मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमलाच ओतलेलं आहे, वेगळं बदलता येत नाही. दात अजून सरळ आहेत.

हवा: पुढे २० पीएसआय, मागे एकट्यासाठी २८, सामानासह ३०. प्रत्येक स्पोक पान्याने टिचकी मारून ऐकला. दोन स्पोक बद्द वाजत होते, पाव-पाव फेरा आवळले.

१० नोव्हेंबर, रविवार

पन्हाळ्यापर्यंत चाचणी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल मध्यावर धरून, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि कडेला थांबून प्लग काढला. पोर्सेलिन पांढरट. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं, कारण इथेनॉल जळायला हवा कमी लागते आणि जेट तर जुन्या पेट्रोलच्या मापाचा आहे. बिडाचं बॅरल उष्णता हळू सोडतं, त्यामुळे पातळ मिश्रण त्याला फार जड जातं. कार्बोरेटरच्या नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर आली आणि मधल्या थ्रॉटलला मिश्रण घट्ट झालं. एअर स्क्रू दीड फेऱ्याच्या आसपास, आयडल जिथे सगळ्यांत स्थिर तिथे. पुन्हा चढ. आता पोर्सेलिन फिकट बिस्किटी. पूर्ण थ्रॉटलचा कारभार मेन जेटकडे असतो; तो तसाच ठेवला आणि त्याऐवजी वेगावर बंधन घातलं: सलग ताशी ६५ किमी, थोड्या वेळापुरते ७५.

अँपिअर मीटर हेडलाइट चालू असताना धावत्या गाडीत मध्याच्या किंचित उजवीकडे. बॅटरीवर मल्टीमीटर १४.१ व्होल्ट दाखवतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सामान: पुढची आणि मागची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर, पायपंप, क्लच आणि थ्रॉटलची केबल (जुन्या केबलच्या शेजारूनच आधी ओढून ठेवलेली, दोन्ही टोकं टेपने बांधून), पॉइंटचा जोड, कंडेन्सर, दोन प्लग, चेनलिंक, फ्यूज, एक मीटर वायर, बांधायची तार, लिटरभर ऑइल, फिलर गेज, रिंग पाने. मागचं चाक काढायचा सराव घरीच करून घ्यावा. या गाडीचं मागचं चाक ड्रम आणि चेन जागेवर ठेवून निघतं: चाकाचा आस काढायचा, मधला स्पेसर काढायचा, चाक उजवीकडे ओढून रबरांतून सोडवायचं आणि गाडी कलती करून बाहेर घ्यायचं. चेनला हात लावावा लागत नाही, हात काळे होत नाहीत आणि पंक्चरचं काम निम्म्यावर येतं.

कागद: १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, या गाडीचं २०२८ पर्यंत आहे. एवढ्या जुन्या गाडीचं पीयूसी सहा महिन्यांचंच मिळतं, ते तारखेसह तपासलं. २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे नाक्यांवर पिशव्या तपासतात. कागद वरच्या कप्प्यात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार: कोल्हापूर–वागातोर

मार्ग: कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा. पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरच्या दरम्यान. गगनबावड्याचा करूळ घाट तेव्हा (२०२४) कामासाठी बंद होता, तो विचारातच नव्हता.

सकाळी सातला निघालं की धुकं विरत असतं आणि हवा गार, दाट मिळते. बिडाच्या इंजिनाला यापेक्षा चांगली हवा वर्षात मिळत नाही. शिवारात उसाला तोडणी लागली आहे आणि गुऱ्हाळांचा वास रस्त्यापर्यंत येतो. पण या दिवसांत सगळ्यांत मोठा धोकाही उसाचाच. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि ऊस दोन्ही कडांनी बाहेर आलेला. ट्रॉलीला ओलांडताना तिच्या रुंदीत हातभर आणखी धरावा. रस्त्यावर सांडलेला ऊस टायरखाली चिरडला की रस आणि पाचट मिळून डांबर निसरडं होतं. तिथे ब्रेक न लावता सरळ जाऊ द्यायचं. आजऱ्याच्या पुढे काही ठिकाणी भाताचा पेंढा रस्त्यावरच पसरलेला, त्यालाही हाच नियम.

संकेश्वर–बांदा रस्त्याचं रुंदीकरण चालू असल्याने आजऱ्याच्या बाजूला खडीचे तुकडे लागले. अशा एका तुकड्यानंतर अँपिअर मीटरचा काटा थरथरू लागला, हॉर्न दाबला की पूर्ण डावीकडे. काटा असा नाचला की अल्टरनेटर उघडायची घाई करू नये. आधी बॅटरीच्या अर्थचा बोल्ट बघावा. तो हाताने फिरत होता. टर्मिनल घासून, स्प्रिंग वॉशर घालून आवळला, काटा शांत झाला.

दर ६०–७० किमीला दहा मिनिटं विश्रांती. थांबल्यावर लगेच नाही, पाच मिनिटांनी डिपस्टिक. आंबोलीपर्यंत ऑइल खुणेवरच.

आंबोलीचे धबधबे आता बारीक झालेत, पण घाटात कडेच्या गटारालगत शेवाळ अजून ओलं आहे. दाणोलीपर्यंतचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून उतरला. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो, म्हणून लिव्हर खोल जाऊ लागतो. हे जाणवलं की थांबायचं, गाडी सावलीत उभी करायची, ड्रमवर पाणी ओतायचं नाही. आज थांबावं लागलं नाही. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं, म्हापसा त्याआधीच मागे पडलं पाहिजे.

पेट्रोल ३४ किमी प्रति लिटर. नीडल वर घेतल्यावर हा आकडा चांगलाच.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

वागातोरच्या सड्यावर मोटोव्हर्स. पूर्वी याचं नाव रायडर मेनिया होतं, २०२३ पासून हे नाव. गाड्या लावायच्या जागेतच निम्मं प्रदर्शन असतं, आणि जुनी गाडी ठेवणाऱ्याने सकाळचे दोन तास तिथेच घालवावेत. देशभरातून चालवत आणलेल्या बिडाच्या बुलेट एका रांगेत दिसतात. कुणी ब्रीदरची नळी कुठे नेली आहे, बॅटरीचा खोका कसा टांगला आहे, ऑइल कूलर लावला असेल तर त्याची नळी कुठून काढली आहे, हे खाली वाकून बघितलं की कळतं. धूळ आणि तेलाचे डाग खरं सांगतात: जोडाभोवती धूळ चिकटून काळी झाली असेल तर तो जोड गळतो, मग वरचा रंग कितीही सुंदर असो.

कस्टम गाड्यांमध्ये रंगाआधी तीन जागा बघाव्यात: हँडल पूर्ण वळवल्यावर केबल ताणते का, ब्रेकची नळी फोर्क दबल्यावर टायरला लागते का, आणि फ्रेमवरचं वेल्डिंग सलग आहे की घासून पुटीखाली लपवलंय. टाकीवरची सोनेरी रेघ जवळून बघण्यासारखी. ती अजून हातानेच ओढतात आणि वळणावर ब्रशचा दाब सुटलेला दिसतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रॉयल एनफिल्डची नवी गोअन क्लासिक ३५० आज बाजारात आली. आपल्या गाडीशी ताडून पाहिलं तर फरक मोजता येतो. बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८५.८ मिमी, ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन मीटर. जुनी ७० बाय ९०, साधारण १८ बीएचपी. घनफळ जवळजवळ तेच. पण पुशरॉडच्या जागी वर कॅम, आणि हादरे कमी करायला बॅलन्सर शाफ्ट; रस्त्यात अर्थचा बोल्ट सैल न होण्याचं कारण तोच शाफ्ट. आमच्या डोळ्यांत भरलं ते चाक: स्पोकचं असून ट्यूबलेस. जुन्या रिममध्ये स्पोकची भोकं टायरच्या आत उघडतात, म्हणून हवा धरायला ट्यूब लागते, आणि ट्यूबला खिळा लागला की हवा क्षणात जाते. ट्यूबलेसमध्ये ती हळू जाते आणि चाक न काढता पंक्चर निघतं. लांब पल्ल्यावर ही सोय मोठी आहे.

स्क्रॅम ४४० ही इथे दाखवलेली दुसरी. ४४३ सीसी आणि आता सहा गिअर; वरचा गिअर मिळाल्याने हमरस्त्यावर इंजिन कमी फिरतं.

सुट्या भागांच्या दुकानांत पॉइंट घेताना फायबरचा फाळ नखाने दाबून पाहावा. मऊ असेल तर तो दोन-तीन आठवड्यांत झिजून गॅप बंद करतो. केबल घेताना आतली तार बोटभर ओढून सोडावी. खरखर लागली की ती ठेवून द्यावी.

२५ नोव्हेंबर, सोमवार: परत

मार्ग: बांदा, कुडाळ, कणकवली, फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी. काल २४ला प्रदर्शन संपल्याबरोबर निघणाऱ्यांची म्हापशापासून रांग असते, म्हणून सोमवारी सकाळी.

निघण्याआधी एअर फिल्टर उघडला. सड्याची जांभी धूळ पिठासारखी बारीक आहे. फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला लाल साय. फोम असेल तर डिझेलमध्ये धुऊन, पिळून, ऑइल लावून बसवावा. इथे कागदी आहे, आपटून धूळ काढली, घरी बदलायचा. चोंदलेला फिल्टर मिश्रण घट्ट करतो आणि घाट चढताना गाडी गुदमरते.

फोंडा घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहायचं. चौथ्यात कमी फेऱ्यांवर ओढत नेलं तर इंजिन ठोके देतं, आणि या ठोक्यांनी बिग एंडचं आयुष्य जातं. गिअर खाली घेतल्याने आवाज वाढतो, पण ऑइल पंपही जोरात फिरतो. माथ्यावर पंधरा मिनिटं. दाजीपूरच्या जंगलात हवा झपाट्याने गार होते आणि संध्याकाळी गवे रस्ता ओलांडतात. हा टापू दुपारी चारच्या आत पार केला. वळणावर दोन गवे कडेला उभे दिसले तेव्हा हॉर्न न देता, इंजिन चालू ठेवून ते निघून जाईपर्यंत थांबायचं.

३० नोव्हेंबर, शनिवार

समुद्रकाठची खारट हवा स्पोक आणि क्रोमला महिनाभरात डाग पाडते. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, स्पोकच्या मुळाशी ऑइलचं फडकं फिरवलं.

फेरीनंतरची मापं: पॉइंटचा गॅप ०.३८चा ०.३३ झालाय. फाळ झिजला की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. गॅप पुन्हा ०.३८, मग टायमिंग. नवा फाळ पहिल्या ५०० किमीला असा झिजतोच, पुढे वेग मंदावतो. एक्झॉस्टचा पुशरॉड मोकळा, इनलेट तसाच. चेन ३५ मिमी झाली होती, २५ वर आणली. प्रायमरी चेनकेस कोरडी. एकूण ऑइल खर्च १५० मिलीच्या आत. प्लग बिस्किटी. एअर फिल्टर नवा.

बाकी राहिलेलं: मागच्या हबमधली कुशनची रबरं. चाक धरून स्प्रॉकेट पुढेमागे हलवलं तर दोन दातांएवढा खेळ आहे. बदलण्याआधी हबचे कप्पे आतून झिजलेत का ते बघायचं. झिजले असतील तर नुसती नवी रबरं घालून खेळ जात नाही, कप्पे भरून उद्यमनगरात मशिनिंग करून घ्यावं लागेल. चाक पुढच्या शनिवारी उतरवायचं.